कापलेल्या देठाची साक्ष

ऐंशीच्या आसपास आखातात, रिफा गावाच्या पुढे एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, लिंबांच्या बागेत मी कामाला होतो. ऊन असं, की वाळत घातलेला लेंगा दोरीवरून काढून भिंतीला टेकवून उभा करावा. त्या उन्हात लिंबांची पानं वळायला लागली आणि मला तत्काळ कळलं, पंपवाला पाणी चोरून विकतोय.

कळलं म्हणजे संशय आला. पण माझा संशय म्हणजे अर्धा पंचनामाच! पंपवाला माझ्याच तालुक्यातला, माझ्याच खोलीत राहणारा. दोन वेळा आम्ही एका चुलीवर रांधून जेवायचो. आपल्या तालुक्यातली माणसं मी ओळखत नाही होय? अरबाबाच्या कानावर मीच घातलं.

अरबाबाने पुण्याचे एक साहेब आणले, झाडाचं पाणी मोजणारे. "झाडं तहानलेली निघाली तर पंपवाल्याचा व्हिसा खलास," अरबाबाने सगळ्यांसमोर सांगितलं.

साहेबांचं यंत्र म्हणजे तोफेच्या गोळ्याएवढा जाड लोखंडी डबा. पान आत, कापलेला देठ झाकणातून बाहेर. मग आत गॅस सोडायचा. देठाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब चमकला की काटा बघायचा. काटा जेवढा वर, तेवढी तहान जास्त. मात्र पान तोडण्याआधी तासभर झाडावरच प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि चंदेरी कागदात गुंडाळून ठेवायचं. मग पानातलं पाणी खोडातल्या पाण्याइतकंच होतं म्हणे. गुंडाळायचं, तोडायचं, आणायचं, हे काम माझं.

पहिल्याच पानाला काटा असा चढला, की डब्याचं झाकण उडून पार समुद्राकाठच्या हिद्दला जाऊन पडतंय असं वाटलं.

"हे झाड तर पार कोरडं आहे हो," साहेब म्हणाले.

"साहेबांनू, आवशीची शप्पथ, रोज दोन-दोन तास पाणी सोडतंय!" पंपवाला रडकुंडीला आला.

मी खाली बघून मान हलवली. चोर असाच रडतो.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी साहेब आपण होऊन माझ्या मागोमाग झाडापाशी आले. मी पान तोडलं आणि निघालो.

"अहो, पिशवी कुठाय?"

"खिशात. घडी करून."

"काढली कशाला?"

"नवीकोरी होती, साहेब. सुट्टीवर जाताना साबण बांधायला होते."

माझ्या गादीखाली अशा पिशव्यांची चळत होती. सगळ्यांच्याच गाद्यांखाली असायची. त्यात लपवायचं काय?

"आणि यंत्र इकडे. तुम्ही तिकडे कुठे निघालात?"

"पंपाच्या खोलीवरून जातो. जरा डोकावतो. पाळत नको ठेवायला?"

"उघडं पान हातात धरून? या उन्हात?"

साहेबांनी त्याच झाडाचं दुसरं गुंडाळलेलं पान पिशवीसकट तोडलं, धावत जाऊन डब्यात घातलं. काटा जेमतेम हलला आणि देठावर थेंब आला. खोडात पाणी भरपूर होतं. तीन दिवस तहानलेलं होतं ते माझ्या हातातलं पान.

"अरबाबांना तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मीच सांगतो म्हटलं. अरबाब आल्यावर म्हणालो, "अरबाब, पंपवाला अच्छा है. पत्ता मैंने सुखाया."

अरबाबाने कपाळाला हात लावला. व्हिसा राहिला. माझ्या दोन सुट्ट्या गेल्या.

संध्याकाळी पंपवाल्याने आपलं भाताचं पातेलं उचललं आणि मलबारी मंडळींच्या खोलीकडे निघाला.

"अरे, खय चाललंस? सुरमय केलंय, ये!" मी हाक मारली.

तो दारात थांबला, पण वळला नाही.

"तूच खा. आनी तुकडे मोजून घे. मी आत्ताच चुलीकडसून गेलंय."