अव्वाची वाट

मिरच्यांचे देठ खुडायचे निम्मे राहिले होते. शिवाजी पेठेतल्या घराच्या गच्चीवर जुनं लुगडं अंथरून रुद्राणी ढिगापुढं बसली होती. खुडलेल्या मिरच्या एका अंगाला, देठ दुसऱ्या अंगाला, आणि ओठांवर शिवाचं नाव. एवढ्यात वकीलबाईंचा, संयोगिताचा, फोन आला.

“काकू, आपलं प्रकरण आज वर सरकलंय. जेवणाच्या सुट्टीआधीच पुकारतील. निघा तुम्ही.”

रुद्राणीनं हात पदराला पुसले. खाली तिचे यजमान पंचाक्षरी गुडघ्यांना तेल लावून पाय लांब करून बसले होते.

“तूच जा. तिथले जिने चढणं आता माझं काम न्हवं,” ते म्हणाले. “मी मिरच्या राखतो.”

“मिरच्या कोण खातंय?”

“मग मी बसून करू काय?”

रिक्षात बसल्यावर तिनं डोळे मिटले. तिचं असंच व्हायचं. डोळे मिटले की गावाकडचं रान समोर यायचं, सकाळी पूजेत तळहातावरच्या लिंगाकडं टक लावल्यावर यायचं तसंच. दोन्हीकडं पुरुषभर ऊस, पानांची सळसळ, आणि मधून बाईच्या भांगासारखी सरळ गेलेली पांढरी पाऊलवाट.

सगळी भानगड त्या वाटेचीच होती.

रान सासूचं. जाताना तिनं ते सुनेच्या नावावर केलं. सासूला सगळं गाव अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं, कारण ती सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातली. ती लिंगैक्य झाली तेव्हा घरच्या रीतीप्रमाणं तिला बसती करून, हातात इष्टलिंग देऊन, रानाच्या मधोमध बेलाखाली समाधी दिली. फुलांनी मढवलेल्या डोलीत बसून अव्वा ज्या पट्ट्यावरून गेली, त्या पट्ट्यावर त्या घरानं परत नांगर घातला नाही. तसा काही नेम नव्हता. पुढच्या हंगामात नांगरट करताना पंचाक्षरी तिथवर आले आणि ट्रॅक्टर बंद करून नुसतेच बसून राहिले. झालं, तीच चाल पडली. दर अमावास्येला अनवाणी जायचं, तांब्याभर पाणी घालायचं, बेलाचं पान ठेवायचं.

त्या वाटेला कुंपण घालावं हे काही कुणाला सुचलं नाही. समाधीला येणाऱ्याला अडवायचं कसं? मग कुणाची सायकल गेली, कुणाची शेरडं गेली. वाट टणक होत गेली.

समाधीच्या पलीकडं, रुद्राणीचाच आणखी एक उसाचा तुकडा ओलांडून, बाळासोचं रान होतं. त्याच्या उसाला बाहेर पडायला रस्ता नव्हता; सगळ्यांची तोड झाली की मग शेवटी त्याचा ऊस कसाबसा निघायचा, तोवर वाळून अर्धा झालेला. त्यानं तालुक्याला अर्ज केला. तहसीलदार साहेब आले, उभ्या उसातला तो पांढरा पट्टा बघितला आणि ‘जुनी वहिवाट आहे’ असं लिहून मोकळे झाले. पट्टा समाधीपाशी संपत होता. पुढच्या उसातून त्यांनी नकाशावर एक रेघ ओढली, ती बाळासोच्या बांधाला नेऊन टेकवली आणि मधला अडथळा काढायचा हुकूम दिला. अडथळा म्हणजे अव्वाच्या समाधीचा कट्टा. रुद्राणीला ना नोटीस, ना विचारणं.

तिला कळलं ते अमावास्येला. हातात तांब्या घेऊन ती गेली, तर पलीकडून जेसीबी उसातून खणत समाधीच्या अंगणात येऊन ठेपलेला. ती सरळ कट्ट्यावर जाऊन बसली. तांब्या मांडीवर.

“वैनी, उठा,” बाळासो म्हणाला. “साहेबांचा हुकूम हाय. माझा ऊस काय डोक्यावरनं न्हेऊ मी?”

“अव्वाच्या डोक्यावरनं ट्रॅक्टर न्हेण्यापरास ते बरं की.”

“मी काय समाधी मोडा म्हटलं न्हाय. रस्ता मागितला.”

“आणि डोलीला खांदा कुणी दिलता? वाट कशी पडली ठावं हाय न्हवं तुला?”

बाळासो दोन पावलं मागं सरला. पण मशीन काही त्याच्या हातात नव्हतं, आणि उद्या परत येतो असं सांगून ते लोक गेले. तिच्याबरोबर आलेल्या पंचाक्षरींनी तिथूनच संयोगिताला फोन लावला. पूर्वी अशा वेळी मुंबई गाठावी लागायची. तिथवर पोचेतो समाधीच्या जागी खडी पडली असती. आता उच्च न्यायालयाचं बेंच कोल्हापुरातच बसतं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू व्हायच्या आत स्थगिती आली. मात्र ती तात्पुरती, आणि तिलाही आता काही महिने होत आले होते. अव्वा तिथं राहणार की नाही, ते आज ठरायचं होतं.

कोर्टाच्या खोलीत पंखा घरघरत होता. मागच्या बाकावर बसल्या बसल्या रुद्राणीचा डोळा लागल्यासारखा झाला. बोलणं सगळं इंग्रजीत, त्यात अधूनमधून ‘पंचनामा’, ‘वहिवाट’ असे ओळखीचे शब्द, नात्यातलं कोणी गर्दीत दिसावं तसे. ऊस सळसळतोय की कागद, तिला उमगेना. शेजारच्या बाकावर अव्वा बसली होती. तशीच ताठ, डोलीत बसवली होती तशी, कपाळावर विभूती, गळ्यात शेवंतीचा हार.

“मिरच्या आत घेतल्यास?” अव्वानं विचारलं.

“ते राखतायत,” रुद्राणी मनात म्हणाली.

“तो काय राखतोय. झोपला असंल.”

तिला हसू आलं. हसू दाबताना तिनं बोटानं डोळा पुसला, आणि मिरची सगळी डोळ्यात गेली. पाण्याची धार लागली. संयोगितानं मागं वळून बघितलं, हळूच रुमाल दिला.

“काकू, रडू नका. चांगलं चाललंय.”

“रडत न्हाय ग. मिरची हाय.”

पाण्यानं भरल्या डोळ्यांना समोरचे न्यायमूर्ती, टेबल, भिंतीवरचं घड्याळ, सगळं तळ्यात पडल्यासारखं हलत होतं. न्यायमूर्तींनी नकाशा जवळ ओढला आणि एकाएकी मराठीत सरकारी वकिलांना विचारलं, “ही वाट संपते तिथं काय आहे?”

“समाधी आहे.”

“मग तिच्या पुढची वाट कुठून आली?”

सरकारी वकिलांनी कागद चाळले. रुद्राणीनं शेजारी बघितलं, तर बाक रिकामा होता.

बाहेर आल्यावर संयोगितानं तिला नळावर डोळे धुवायला लावले आणि समजावून सांगितलं. “असलेल्या वाटेवरचा अडथळा काढायचा, एवढाच तहसीलदार साहेबांना त्यांनी लावलेल्या कलमात अधिकार होता. त्यांनी नसलेली वाट नवी काढली, तीही तुमचं न ऐकता. ते त्यांच्या हातातलं नव्हतंच. हुकूम रद्द झाला. खणलेलं त्यांनीच भरून द्यायचं.”

“म्हंजे अव्वा राहिली?”

“राहिली. पण काकू, बाळासोंना नव्यानं अर्ज करायची मुभा आहे. रस्ता मागायचा तर शक्यतो बांधाच्या कडेनं, आणि सगळ्यांचं ऐकून.”

बाळासो चहाच्या गाड्यापाशी उभा होता. टोपी काढून एका हातात धरलेली, दुसऱ्या हातात चहाचा कप. रुद्राणी त्याच्याजवळ गेली. इतके महिने तिनं मनात ठरवलं होतं, जिंकले तर ह्याला चार शब्द ऐकवायचे. ते शब्द आता काही केल्या जुळेनात. तिला नुसता खांद्यावर डोली घेतलेला, घामानं भिजलेला बाळासो दिसत होता.

“जिंकलासा, वैनी,” तो म्हणाला. “आता माझा ऊस वाळू द्या.”

“वाळू देत न्हाय. उत्तरेच्या बांधावरनं घे. चार हात माझ्यातलं, चार हात बांधापलीकडच्या माझ्या चुलत दिरांच्यातलं. त्यांस्नी मी सांगतो.”

बाळासोनं तिच्या लाल डोळ्यांकडं बघितलं. “रडलासा व्हय कोर्टात?”

“व्हय. तुझ्यासाठनं,” ती म्हणाली, आणि त्याच्या चहाच्या कपाकडं बोट दाखवून गाड्यावाल्याला आणखी एक सांगितला. चहा पिता पिता बाळासो हळूच म्हणाला, “अमावास्येला येऊ का पाणी घालाय?”

“तुला कधी अडवलंय?”

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. पंचाक्षरी गच्चीवर, लुगड्याच्या कडेला डोक्याखाली हात घेऊन खरोखरच झोपले होते. पण झोपण्याआधी त्यांनी बऱ्याच मिरच्या खुडलेल्या दिसत होत्या, फक्त देठ आणि मिरच्या एकाच ढिगात टाकलेले. रुद्राणीनं त्यांना उठवलं नाही. खाली जाऊन देवापुढं दिवा लावला, वर येऊन ढीग पुढं ओढला, आणि एकेक देठ वेगळा करायला बसली. वारा सुटला होता. पेठेतल्या पोरांचा फुटबॉलचा गलका लांबून येत होता, आणि तो ऐकता ऐकता उसाच्या पानांचा आवाज होऊन जात होता.

सकाळी लवकर उठून पहिल्या एसटीनं गावी जायचं होतं. बाळासोला बरोबर घेऊन मोजणीच्या कचेरीत, उत्तरेच्या बांधाच्या मोजणीचा अर्ज द्यायला.