नानांची जीभ

"माझी जीभ म्हणजे तराजू आहे," असं मानपाड्यातले आमचे शेजारी नाना बारशापासून तेराव्यापर्यंत कुठल्याही पंगतीत सांगायचे. सांगायचे आणि गुलाबजाम चेपायचे. असला आगाऊ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

घरी चहात तीन चमचे साखर, जेवणानंतर श्रीखंडाची वाटी, आणि वर कुरकुर. "काय गं, साखर रेशनवर मिळते का?" काकू मुकाट्याने आणखी चमचाभर घालायच्या. शुगर तपासा म्हटलं की नाना म्हणत, "मला काय धाड भरलीय?"

गणपतीत तर कहरच. नैवेद्य आधी चाखायचा नाही, म्हणून काकू मोदकाचं सारण मापाने करायच्या. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, हे त्यांचं माहेरचं माप. पण नाना दर वर्षी भर पंगतीत ओरडायचे, "फिक्कं! हात गेला हिचा." दर वर्षी गूळ वाढला. शेवटी इतकं गोड झालं की माझ्या मुलीने अर्धा मोदक गुपचूप रुमालात गुंडाळला, तरी नानांचं आपलं "कमीच आहे". काकू ओट्याशी मला म्हणाल्या, "अगं, मला तर गोडच लागतात. पण ह्यांची जीभ पक्की ना. खरंच हात गेला का गं माझा? पुढच्या वर्षी विकतचेच आणू." अख्खी बिल्डिंग जिला मोदक वळायला बोलवायची, तिने हे म्हणावं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवाळीनंतर पायाची जखम भरेना, तेव्हा नानांना ढकलत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शुगर भयंकर वाढलेली. बाई म्हणाल्या, "रक्तात एवढी साखर, त्यात सतत गोड खाणं. जीभ बोथट होते, गोड कळेनासं होतं. गोड बंद करा, हळूहळू चव परत येईल."

"तिला काय कळतंय!" नाना घरी येऊन म्हणाले. पण मुळात घाबरट. पाय कापतील या भीतीने गोड सोडलं.

पुढच्या गणपतीत विकतचे मोदक मी येऊच दिले नाहीत. काकूंना जुन्या मापानेच सारण करायला लावलं. नानांना एकच मोदक मिळणार होता. त्यांनी तो चावला, डोळे मिटले. "वा! शेवटी जमलं हिला. किती वर्षं सांगतोय!"

"अहो नाना, माप जुनंच आहे, तुमची जीभ..." मी सुरुवात केली, पण काकूंनी माझा हात दाबला. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "खरंच जमलं का हो?"

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नाना सांगत होते, "मोदक उत्तम करायची. मीच शिकवले."