काटा कुठं हाय?

रेडिएटरची जाळी धुवायला घेतली की त्यातून काय काय निघतं, माहितीय? उसाचं पाचट, मेलेली फुलपाखरं, गुटख्याच्या पुड्या. एकदा तर लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा निघाला होता! रोज थोडं थोडं साचत जातं, कुणाला कळतही नाही. आमच्या शेडचे किस्सेही असेच साचलेत. आता शेड बंद झाली. पण शकीलभाई आणि मी नागापूरला चहाला भेटलो की एकानं सुरुवात करायचा अवकाश, दुसरा चहा आपोआप येतो.

शेड नानांची. नाना मूळचे राहुरीकडचे. एमआयडीसीत आम्ही जुन्या डिझेल मिनीबस घ्यायचो आणि त्यांच्या घरगाड्या करायचो. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास, सगळं! शकीलभाई रेडिएटर बघायचे, मी वायरिंग. आणि नाना बघायचे काटा.

काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनच्या टेम्परेचरचा काटा. घराचं सामान चढवलं की गाडी जड होते, घाटात इंजिन तापतं, आणि मग सगळी मदार रेडिएटरच्या फॅनवर, जो तापलं की आपोआप लागतो आणि निवलं की थांबतो. त्यामुळं कुणाचाही फोन आला की नाना 'हॅलो' म्हणायचे नाहीत. थेट विचारायचे, "काटा कुठं हाय?"

एकदा नानांना ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं. नर्सनं थर्मामीटर लावला आणि म्हणाली, "शंभर आहे." नाना ग्लानीतच म्हणाले, "मंग फॅन लागला आसंल. चालू द्या!"

त्या बाईंनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहिलो.

* * *

सोनईच्या एका बागायतदाराची गाडी आम्ही फार मन लावून केली होती. पडदेसुद्धा त्यांच्या सूनबाईंच्या पसंतीचे. गाडी घेऊन गेले, दारात पूजा झाली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी फोन!

"नाना, नवी गाडी आन् तापती कशी वो? घोडेगावच्या पुढं जाईना!"

"काटा कुठं हाय?"

"पार वर!"

आम्ही तिघं मोटारसायकली काढून निघालो. जाऊन बघतो तर गाडीच्या तोंडावर हा एवढा हार! पुढाऱ्याला घालतात तसला, शेवंतीचा, माणसाच्या मांडीएवढा जाड. पुढची सगळी जाळी झाकलेली. वारा आत जाणार कुठून? फॅन बिचारा पाकळ्या ओढून ओढून दमलेला. शकीलभाईंनी हार काढायला हात घातला तर बागायतदार आडवे आले.

"हात लावू नका! आत्याबाईंनी बजावलंय, सवा म्हैना हार हलवायचा न्हाई."

आत्याबाई गाडीतच बसल्या होत्या, पलंगावर, मांडी घालून. चेहऱ्यावरूनच कळत होतं की बाई हटणार नाही. नानांनी टोपी सारखी केली आणि आत्याबाईंना नमस्कार केला.

"आत्याबाई, हार काढायचा न्हाईच. फकस्त मागं बांधू. देव काय पुढूनच बघतो व्हय?"

आत्याबाईंनी जरा विचार केला. "मागूनबी बघतो," म्हणाल्या.

हार मागं गेला, काटा खाली आला. शकीलभाईंनी जाळीतल्या पाकळ्या ब्रशनं काढल्या आणि म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा रेडिएटरला सुवास आला, यार!"

* * *

नाना फॅन तपासायचे तो पेपर लावून. इंजिन चालू करायचं, गाडीसमोर उभं राहायचं आणि जाळीला वर्तमानपत्राचं पान धरायचं. पान जाळीला चिकटलं म्हणजे फॅन वारा आत ओढतोय, गाडी पास! यापेक्षा मोठं यंत्र आमच्याकडं नव्हतं आणि कधी लागलंही नाही.

एकदा मी मामाच्या गावाला गेलो होतो. नानांना धीर निघेना. त्यांनी इलेक्ट्रिक फॅनची जोडणी स्वतःच केली आणि शकीलभाईंना मोठ्या रुबाबात बोलावलं. "बघ आता!"

पान धरलं, आणि ते फर्रकन उडून नानांच्या तोंडावरच बसलं! वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या, फॅन वारा बाहेर फेकत होता. पण मान्य करतील ते नाना कसले? तोंडावरचा पेपर काढून त्यांनी शांतपणे घडी घातली.

"फॅन चांगलाय. पेपर हलका निघाला."

पुढं कितीतरी दिवस शकीलभाई सकाळी आल्या आल्या विचारायचे, "नाना, आज कुठला पेपर आणू? जाड की पातळ?" नाना पाना घेऊन मागं लागायचे. ते पळणं, ते हसणं आजही आठवतं. माणसं तीच आहेत, पण ती शेड नाही.

* * *

करंजीच्या घाटातला किस्सा तर शकीलभाई प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मे महिना, भर दुपार. एक रिटायर मास्तर आणि त्यांच्या बाई नवी गाडी घेऊन निघाले होते, नाना सोबत बसले होते. निम्म्या घाटात काटा चढायला लागला. अशा वेळी एक जुना उपाय असतो. गाडीतला हीटर फुल सोडायचा. इंजिनची गरमी आत ओढली जाते आणि काटा उतरतो.

नानांनी हीटर सोडला. बाहेर डांबर वितळतंय आणि आत गरम हवेचा झोत! मास्तरांनी शर्टाची बटणं सोडली. बाईंनी पदरानं वारा घेतला, मग पुठ्ठ्यानं, मग ताटानं. गाडी मात्र ऐटीत वर पोहोचली.

नाना खूश. "बगा बाई, काटा कसा जागेवर आला!"

बाई घाम पुसत म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण तुम्ही उद्या गीझर बसवणार होता ना? तो राहू द्या आता!"

* * *

आता काकूंचं सांगतो. काकू म्हणजे नानांच्या मंडळी. प्रत्येक तयार गाडीची टेस्ट व्हायची मुळा धरणापर्यंत, आणि टेस्टला गाडीत वजन पाहिजे. नाना काकूंना आणि त्यांच्या बहिणीला बसवायचे. काकू हौसेनं भाकरी, ठेचा, पिठलं बांधून घ्यायच्या. आमची मजा व्हायची.

"लगीन झाल्यापासनं मला लोड म्हनून फिरिवलंय," काकू म्हणायच्या. "गाडी पास झाली की मला घरी सोडायचं!"

एकदा धरण काठोकाठ भरलेलं. ऊन उतरलेलं, पाण्यावर सोनं सांडलेलं. काकू धावत खाली उतरल्या.

"अहो, या की! बघा तरी!"

नाना बॉनेट उघडून, धरणाकडं पाठ करून उभे. "थांब गं. फॅन बंद व्हायचाय."

फॅन बंद होईना. नाना हलेनात. शेवटी पहारेकऱ्यानं शिट्टी मारली, चला, वेळ संपली. परत येताना काकू खिडकीकडं तोंड करून बसल्या. पिठल्याचा डबाही कुणी उघडला नाही. मला फार वाईट वाटलं होतं.

* * *

नानांचे गुडघे गेले, गाडीखाली शिरणं होईना आणि शेड बंद झाली. एक गाडी तेवढी त्यांनी ठेवली, स्वतःसाठी. काकूंसाठी जास्त. ओट्याची उंची काकूंच्या मापाची, खिडकी मोठी, तिच्याशेजारी खुर्ची. किती जीव लावून केली होती ती गाडी! पहिली ट्रिप ठरली भंडारदऱ्याची. आम्हा दोघांनाही बोलावलं. पण निघायच्या आधी काकूंनी दारातच सांगितलं.

"ह्या खेपेला मी लोड म्हनून येत न्हाई. तुमी त्या काट्याकडं बघत बसलात, तर मी तिथनंच एस्टीनं माघारी येईन. आन् मंग ही गाडी इकून टाका. मला पुन्यांदा बोलवू नका."

काकू चेष्टा करत नव्हत्या. नानांचा चेहरा उतरला. गाडी विकायची या कल्पनेनं नव्हे, काकू खरंच उतरून जातील या भीतीनं. नाना स्टिअरिंगवर बसले, काकू शेजारी, आणि आम्ही दोघं मागच्या सीटवर.

अकोले गाव सोडेपर्यंत नाना शहाण्यासारखे होते. घाट लागला आणि मान आपोआप खाली. काकूंनी पिशवीतून टॉवेल काढला आणि सरळ डॅशबोर्डवर टाकला. काटा झाकला!

"अगं, घाट हाय! गाडी तापंल!"

"मी बघते ना काटा. तुमी समोर बघा."

आणि टॉवेलचं एक टोक उचलून काकू खरंच आत बघायला लागल्या. थोड्या वेळानं इंजिनच्या फॅनचा आवाज वाढला. नानांचा कान उभा राहिला.

"फॅन लागला! कुठं हाय?"

काकूंनी टोक उचललं. "जागंवर हाय."

पुढचं वळण. "आता?"

"जागंवर हाय म्हनलं ना!"

शकीलभाईंनी माझा गुडघा घट्ट धरला होता. चढ वाढत होता, फॅन घोंघावत होता, आणि काकू मात्र पंचांग वाचल्यासारख्या सांगत होत्या. "मधी हाय. थोडा खाली आला. झ्याक हाय."

हळूहळू नानांचं विचारणं कमी झालं. दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुलं, डोंगरच्या डोंगर पिवळा. वरून पाण्याची बारीक धार. नानांनी काच खाली केली.

"अगं, हे कवापासनं हाय हितं?"

"आधीपासनंच हाय," काकू म्हणाल्या.

वर सपाटीला गाडी थांबली. आम्ही सवयीनं बॉनेटकडं निघालो, पण नाना आलेच नाहीत. ते काकूंचा हात धरून, गुडघे सांभाळत, कड्याकडं गेले. दोघं बराच वेळ तिथं उभे होते. खाली धरणाचं पाणी, समोर डोंगर. मी आणि शकीलभाई गाडीला टेकून बघत राहिलो. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

गाडीत परत आल्यावर काकूंनी चहा टाकला. नानांनी कप घेतला, एक घोट घेतला, आणि मग राहवेना.

"आता तर सांग. घाटात काटा कुठवर गेल्ता?"

काकूंनी गाळणी झटकली.

"मला काय ठावं? चष्मा घरीच राहिलाय!"