पुस्तकात नसलेलं प्रकरण

डिंडोलीत आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी ओट्यावर साड्यांना टिकल्या चिकटवायला बसायच्या. मी बारावी शिकलेली नवी सून. म्हणून सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं की बाकीच्यांचे हात चालतील आणि हिचं तोंड, म्हणजे पुस्तक मी मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण गोष्टीची भूक अशी, की मराठी वाचनालयात जाऊन स्वतः पुस्तक निवडून आणायच्या. निवड कसली, जाडी बघून उचलायच्या!

त्या उन्हाळ्यात त्यांनी आणली ती एका घराण्याच्या तीन पिढ्यांची कादंबरी. आजी, तिची सून, त्या सुनेच्या मुली. ओट्यावर रोज मतं पडायची. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "त्या आजीला एकदा कुणीतरी चांगलं सुनावायला हवं." समोरच्या काकूंची वेगळीच तक्रार होती, "माणसं किती गं ती! कोण कुणाचा चुलता ते ध्यानात ठेवता ठेवता माझी टिकली वाकडी लागते." आत्याबाई मत देत नसत. फक्त म्हणायच्या, "मंग? पुढे?"

वाचताना अडखळायला नको म्हणून मी पुढचं प्रकरण सकाळीच चाळून ठेवायचे. एका सकाळी भाजी फोडणीला टाकून पान उलटलं आणि तिथेच थांबले. सुनेची धाकटी मुलगी मनाने लग्न करून घर सोडते. आई तिच्या तोंडावर दार लावते. मुलगी बाळंतपणात जाते आणि आईला ते चौथ्या दिवशी कळतं. भाजी करपली ते मला वासानेच समजलं.

कारण आमच्या घरातही तसं दार लागलेलं होतं. माझी नणंद दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून जवळच उधन्याला राहायला गेली होती. "ती आपल्याला मेली," असं सासऱ्यांनी सांगून टाकलेलं. सहा वर्षं घरात तिचं नाव निघालं नव्हतं. मी मात्र, नवऱ्याकडून कळल्यावर, तिला उधन्याच्या भाजीबाजारात चोरून भेटायचे. तिला आठवा महिना लागला होता, पाय सुजले होते. "आईला सांगशील तर माझी शपथ," असं तिने बजावलं होतं. ही गोष्ट पोटात ठेवून मी घरभर वावरत होते.

आता ते पान त्या घरात मोठ्याने वाचायचं? आत्याबाईंना ब्लडप्रेशर. शिवाय, मी शिकलेली असून सांगते, मला वेगळीच भीती वाटली. आपल्या तोंडून निघालं आणि तिकडे पोरीचं तसंच झालं तर?

दुपारी पुस्तकावर नजर ठेवून मी धडधडीत खोटं वाचलं. आई मुलीच्या दारात जाते, तिला डोक्यापासून पायापर्यंत बघते आणि एवढंच म्हणते, "आखाजीले येजो." आखाजी म्हणजे आम्हा खानदेशी लेकींचा माहेरी यायचा सण. पुस्तकातली माणसं अहिराणी बोलतच नव्हती, हे घाबरल्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही. वहिनींनी डोळे पुसले. काकू म्हणाल्या, "हे बेस केलं बाई लेखकाने."

आत्याबाईंनी हातातली साडी खाली ठेवली. "परत वाच," म्हणाल्या. तेच खोटं मला शब्दन् शब्द परत वाचावं लागलं.

पुढची पानंही मी त्या मुलीला जिवंत ठेवूनच वाचली. पुस्तक संपलं तेव्हा वाटलं, सुटले. कुठली सुटतेय! वाचनालयात महिन्यातून एका रविवारी वाचकांची मतं ऐकायची पद्धत होती आणि त्या महिन्यात नेमकं हेच पुस्तक निघालं. "मी पण बोलसू," आत्याबाई म्हणाल्या. माझी पाचावर धारण बसली. तुमचे गुडघे दुखतात, ऊन फार आहे, मला कणकण वाटतेय, सगळं सांगून पाहिलं. त्यांनी नवी साडी काढली.

तिथे पहिल्यांदा एक शिक्षिका उठल्या. स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मुलगी बाळंतपणात मेली, हीच आईला खरी शिक्षा. लेखकाने दयामाया दाखवली नाही, ते मला आवडलं."

आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला वाटलं आता इथेच, चारचौघांत, माझी लाज निघणार. माणसांमागून माणसं बोलत होती, कुणाला भाषा आवडली, कुणाला शेवट पटला नाही, माझं कशातच लक्ष नव्हतं.

त्यांची पाळी आली. पदर सावरून उभ्या राहिल्या. "पुस्तक चांगलं शे," म्हणाल्या. "पण त्या मायनी दार उघडाले पाहिजे व्हतं." आणि खाली बसल्या.

बाहेर रिक्षात बसल्या बसल्या मी रडायलाच लागले. "आत्याबाई, चुकलं माझं."

"चूप. तिनं घर तुले माहीत शे ना?"

मी पदराने डोळे पुसले.

"डिंडोलीमा भाजी भेटस नही का? दर आठवडाले उधन्याले कसाले जास तू?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! कधीपासून, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मी रिक्षावाल्याला उधन्याचा पत्ता सांगितला. वाटभर मनात एकच चाललं होतं, सासऱ्यांना कळलं तर, आणि त्याहून वाईट, दाराला कुलूप असलं तर, पोरीला दवाखान्यात नेलेलं असलं तर. आत्याबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

कडी वाजवली. आत बराच वेळ काही हललं नाही. मग पाय ओढत कुणीतरी आलं.

नणंदेने दार उघडलं आणि चौकट धरून तशीच उभी राहिली. आत्याबाईंनी तिला डोक्यापासून सुजलेल्या पायांपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "आखाजीले येजो."

मी वाचलं होतं तसंच, शब्दन् शब्द.