ताटात परत टाकलेलं वचन

चहा ओता, सांगतो. पण आमच्या बायकोला, मार्थाला, कळू देऊ नका मी हे पुन्हा सांगत बसलोय म्हणून. ती त्यात स्वतःची भर घालते आणि माझी उरलीसुरली लाजही जाते.

आमच्या दौंडच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या सकाळी उपासना झाली की एक ताट फिरतं. त्यात उलटी ठेवलेली कार्डं, प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन. डोळे मिटून उचलायचं आणि जे येईल ते वर्षभर पाळायचं. यंदा पाळकसाहेबांनी वर आणखी सांगितलं, "पुढच्या रविवारी प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, देवाची आज्ञा कशी पाळली ते."

मी खूश! कुरकुंभला प्लांटवर बावीस वर्षं ऑपरेटर आहे मी. व्हॉल्व्ह बंद म्हटलं की बंद, चालू म्हटलं की चालू. आज्ञा पाळण्यात आपला हात कोण धरणार?

कार्ड उचललं. त्याचा अर्थ असा, की देवापुढं येतोस खरा, पण तुझा भाऊ तुझ्यावर नाराज आहे ना? आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये.

अरे देवा!

आता दादाशी माझं दोन वर्षं बोलणं बंद. कारण विचारा! पुतणीचा साखरपुडा होता. आशीर्वादाची प्रार्थना मी करत होतो. वीस मिनिटं झाली होती, नुकता कुठं रंगात आलो होतो, तेवढ्यात दादा मागून मोठ्यानं म्हणाला, "आमेन!" झालं, सगळे आमेन म्हणाले आणि पंगतीला पळाले. देवाशी चाललेलं बोलणं असं कुणी मध्येच तोडतं का? तुम्हीच सांगा!

तर मी काय केलं, "दोन चिकटून आलीत वाटतं," असं पुटपुटलो, कार्ड हळूच ताटात सोडलं आणि दुसरं घेतलं. त्यावर होतं, ऊठ आणि देव दाखवील तिकडं नीघ. हां! याला म्हणतात आज्ञा! शेजारी मार्था सगळं बघत होती.

गुरुवारी माझी सुट्टी. सकाळीच गाडीला किक मारली.

"अहो, कुठं निघालात?"

"देव नेईल तिकडं."

"मग हेल्मेट घाला. आणि देव बाजारातून नेणार असंल तर गॅसची नळी आणा."

निघालो. फाटा आला की विचारायचो, "प्रभू, डावीकडं की उजवीकडं?" उत्तर नाही. मला खरंच कुतूहल वाटायला लागलं. देव माणसाला सांगतो म्हणजे नेमकं कसं सांगतो? कानात सांगतो, की पोटात? की आपल्याला आधीच ठाऊक असतं? असा विचार करत करत दीड तास गाडी चालवली. निमोण्याच्या शिवारात आतून एकदम आवाज आला, "थांब!" तहान लागली होती हो, पण मी प्रेरणा समजलो.

बांधावर एक आबा कांद्याला पाणी देत होते. मी नमस्कार केला. "आबा, मला देवानं पाठवलंय."

आबांनी मला खालून वर न्याहाळलं. "व्हय? मीटर बघायला का?"

"नाही, नाही! तुम्हाला काही दुःख, काही अडचण?"

आबा पाटातून बाहेर आले आणि म्हणाले, "हाय की. धाकला भाऊ बोलत न्हाई. नातवाच्या जावळाला आला न्हाई. चूक माझीच हाय म्हना. सोता जायाला पायजे व्हतं, तर निस्ता निरोप धाडला."

मला काय स्फुरण चढलं! अर्धा तास बोललो. मोठेपणा घ्या, हट्ट सोडा, देव तुमचा नैवेद्य बघत नाही, आधी तुमचा भाऊ बघतो... अहो, परत टाकलेलं कार्ड अख्खं त्यांना ऐकवलं की मी! आबांनी धोतराला हात पुसले, बंडीतनं फोन काढला आणि लावला.

"बाळ्या, चुकलं माझं. उद्या जेवाया ये, पोरास्नी घेऊन ये."

एवढंच! मी बघतच राहिलो. कार्ड नाही, ताट नाही, रविवारी उभं राहून सांगायचं नाही. ऐकलं आणि केलं. मला माझीच लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

"तुमास्नी हाय का भाऊ?" आबांनी विचारलं.

"आहे. थोरला."

"ब्येस बोलता न्हवं?"

मी कांद्याकडं बघायला लागलो.

"मंग लावा की फोन."

"इथं रेंज नाही हो, आबा."

"माझा लागला की आत्ता!"

नंबर लावला. देवाशी वीस-वीस मिनिटं बोलणारा मी, पण भावाला हॅलो म्हणायच्या आधी दोनदा फोन कापला.

"दादा... मी बोलतोय. चुकलं माझं. तुम्हाला भेटायला यायचंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. माझेही डोळे भरले.

"ये की येड्या! दोन वर्षं वाट बघतोय. हाईस कुठं?"

"निमोण्यात."

"निमोण्यात? अरे, तुझ्या दारापासनं चौथं दार माझं! निमोण्यावरनं कुठला रस्ता काढलास?"