माझा पासपोर्ट, त्यांची पर्स

"बिना पासपोर्ट के लाइन में कैसे लग गई?"

लंडनहून परत आल्यावर दिल्लीच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या काउंटरमागच्या साहेबाने विचारलं. मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी म्हटलं, पासपोर्ट मॅडमकडे आहे. कोण मॅडम? मी बोट दाखवलं. तिकडे कोणीच नव्हतं. मॅडम मुलीला घेऊन दुसऱ्या रांगेतून कधीच पुढे गेल्या होत्या.

त्याने मला बाजूला उभं केलं. एक पोलीस बाई माझ्याजवळ येऊन थांबली. माझ्या हातात मॅडमच्या मुलीची दुधाची बाटली, खांद्यावर तिच्या कपड्यांची बॅग. लोक माझ्याकडे बघत पुढे सरकत होते. चोरी करताना सापडल्यासारखी मी मान खाली घातली.

गुरुग्रामला मॅडमच्या घरी मी त्यांची मुलगी सांभाळायचे. मॅडम मूळच्या पुण्याच्या. मुलीच्या कानावर मराठी पडावं म्हणून त्यांना मराठी बाई हवी होती. मी नांदेडकडची, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे फरीदाबादला आलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. ते ऐकलं आणि पोळ्यांना दुसरी बाई ठेवली. त्यांची पोर माझ्या मांडीवर झोपलेली चालायची, माझ्या हातची पोळी चालायची नाही. मला तेव्हाच कळलं होतं. घर चालवायचं होतं, गप्प बसले.

मॅडमकडे दोन पासपोर्ट. एक ब्रिटनचा, लंडनला नोकरी करताना मिळालेला, दुसरा नवऱ्याच्या देशाचा. भारताचा त्यांनी केव्हाच सोडला होता. इथे यायला परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड होतं. कुठे कुठला पासपोर्ट काढायचा हे त्या मैत्रिणींना हसत सांगायच्या. जिथे रांग लहान, तिथला.

माझा एकच. तो आमच्या घरी आला तेव्हा नवऱ्याला मी हात धुवायला लावले आणि मगच बघू दिला. मुलीला सांभाळायला मला लंडनला नेलं तेव्हा निघतानाच मॅडमनी तो मागून घेतला. तू हरवशील, म्हणाल्या. तिथे सगळा मुक्काम तो त्यांच्या पर्समध्ये. विमानात चढताना द्यायच्या, चढलं की हात पुढे. आणि दिल्लीला उतरल्यावर पर्ससकट निघून गेल्या. माझ्या देशाच्या दारात मी कोणीच नाही अशी उभी.

बऱ्याच वेळाने पोलीस बाई मॅडमना सामानाच्या पट्ट्याजवळून शोधून घेऊन आली. साहेब खुर्चीतून अर्धवट उठला.

"सॉरी मॅडम, आपको परेशानी हुई."

परेशानी त्यांना झाली होती. मॅडम हसल्या. "अरे यार, ये तो ऐसी ही है. कुछ भी खो देती है."

मी त्यांच्या घरातला एक चमचा कधी हरवला नव्हता. इतका वेळ येणारं रडू तिथेच थांबलं. डोकं तापलं. या देशाचा पासपोर्ट टाकून गेलेली बाई माझी ओळख पटवत होती आणि साहेब मान डोलावत होता. त्याला माझ्या तोंडून एक शब्द नको होता. गावात माझ्या आजोबांच्या वतीनेही असंच दुसरं कोणी तरी बोलायचं, ते शेजारी उभे असताना.

शिक्का बसला. साहेबाने पासपोर्ट मॅडमपुढे धरला. मी मध्ये हात घातला आणि घेतला.

पट्ट्यापाशी मॅडमनी सवयीने हात पुढे केला. "आण इकडे."

"नाही. माझ्याकडेच राहील."

"व्हिसा कोणी काढून दिला तुला?"

"व्हिसा तुम्ही काढलात. पासपोर्ट माझा आहे."

त्याच आठवड्यात मॅडमनी माझं काम बंद केलं. उलट उत्तरं देणारी बाई नको, म्हणाल्या. मुलीची आठवण येते, अजूनही वाईट वाटतं. पण जे केलं त्याचं वाईट वाटत नाही.

परवा फरीदाबादलाच एका घरी काम बघायला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, आधार कार्ड ओरिजिनल द्यावं लागेल, आम्ही कामवाल्या सगळ्यांचंच ठेवून घेतो. मी म्हटलं, माझ्यासमोर बघा आणि माझ्यासमोर परत द्या. त्यांना पटलं नाही. मी चपला घातल्या आणि जिना उतरले. अशी कामं अजून जातील. जाऊ देत. माझे कागद माझ्याजवळ राहतील, आणि मी कोण हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने मलाच विचारायचं.