गिरणीच्या पाटावरच्या तीन रेघा

आमच्या घराचं पुढचं दार मागच्या बाजूला आहे आणि मी शाळेत भूगोल शिकवतो. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं मी बरेच दिवस लोकांना सांगून पाहिलं.

माझी बायको मंगल कित्येक वर्षं दळणाचा डबा घेऊन देवगाव फाट्यापर्यंत जायची. शेवटी तिनं स्वतःचीच पिठाची गिरणी टाकायची ठरवली. घराला लागून पत्र्याच्या छपराची खोली बांधली, रस्त्याकडे दार काढलं आणि झाडून सगळ्या बायकांना सोमवारचं आमंत्रण देऊन टाकलं. आता सोमवारी गिरणी फिरली नाही, तर तिला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती (आणि मला घरात!).

गिरणीच्या आधी तिची बेसप्लेट आली. म्हणजे मोटार आणि जातं ज्यावर बसतं, तो जाडजूड लोखंडी पाट. पूर्ण्याच्या रहीम मिस्त्रींनी त्याच्या एका टोकाला खडूनं तीन रेघा ओढल्या.

"मास्तर, पीठ ह्या टोकाला पडतंय. रेघा दाराकडं ठिवा. बोल्ट काँक्रीटमधी बसले की मंग लय अवघड हाय. मी थांबू का?"

"कशाला? दिशा म्हंजे माझाच विषय!"

दुसऱ्या दिवशी मी सिमेंट कालवलं. तीन रेघा पाहिल्या, त्या दाराकडे केल्या, बोल्ट गाडले. नंतर रोज रेघा सांभाळून इमानेइतबारे पाणी मारलं. काँक्रीट असं पक्कं झालं, की मी त्यावर उभं राहून फोटो काढून घेतला!

रविवारी मिस्त्री जातं घेऊन आले आणि दारातच थबकले.

"मास्तर, पाट उलटा बसला की!"

"असा कसा? रेघा बघा ना!"

मिस्त्रींनी वाकून रेघेवर बोट फिरवलं. "ह्यो खडू न्हाई. विभूती हाय."

तेवढ्यात आई बाहेर आली. "मीच लावली, पाट आला त्याच सांजंला. नवं लोखंड घरात आलं, त्याला आंघूळ नको? पूजा नको? कुनी तरी खडूनं रेघोट्या वढून ठिवल्या व्हत्या, त्या घासून काढल्या बघ."

आम्ही लिंगायत. आमच्याकडे पूजा म्हटली की विभूतीच्या तीन रेघा आल्याच. आईनं त्या नेमक्या दुसऱ्या टोकाला ओढल्या होत्या!

"मंग फिरवू की पाट," मी म्हणालो.

"भोकं सारखी न्हाईत, मास्तर. फिरवला तर बोल्टात बसतच न्हाई. सगळं फोडावं लागतंय. उद्याचं काय खरं न्हाई."

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा भयंकर राग आला. आईला बोलायची सोय नव्हती, आणि महादेवाला तर मुळीच नव्हती! मंगलनं मात्र पदरानं डोळे पुसले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"हिच्या पल्याड काय हाय?"

"मागली गल्ली."

"मंग बघायलाव काय? पहार आना!"

संध्याकाळपर्यंत भिंतीत दार झालं. सोमवारी बायका मागच्या गल्लीतून आल्या आणि खूश झाल्या, कारण रस्त्यावरच्या हॉटेलात बसलेल्या बाप्यांसमोरून जायची कटकटच मिटली. गिरणीला उसंत म्हणून नाही! हळूहळू आमच्या घरातली ये-जाही तिकडूनच सुरू झाली. माझ्या नावाची पाटी घराच्या रस्त्याकडच्या जुन्या दारावर एकटीच लटकते आहे. मास्तरांचं घर कुठे, असं कुणी विचारलं तर लोक सांगतात, "गिरणीच्या मागं."

शाळेत निघताना आई माझ्या कपाळाला विभूती लावायला येते. पूर्वी मी टाळायचो. आता मंगलच मला दारात अडवते.

"लावून घ्या गुमान! तुमची पुढची बाजू कोंची, ते तरी कळंल."